पुरी, तेल आणि मंगळयान

सिनेमा पाहून आलं की आपण सगळेच मत देतो. ‘झकास आहे’, ‘मध्यंतरानंतर रटाळ झाला’, ‘गाणी उगाच घातलीत’. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत चहाबरोबर हेच चालतं आणि त्यात काही गैर नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी विज्ञानावरचा सिनेमा पाहिला, तर ‘झकास’च्या पुढे आणखी एखादं वाक्य बोलायला हवं, असं आम्हांला अलीकडे वाटू लागलं आहे. त्याला कारण झाले दोन सिनेमे, ‘मिशन मंगल’ (२०१९) आणि ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३). दोन्ही आम्ही नुकतेच मुलांबरोबर पुन्हा पाहिले.

‘मिशन मंगल’मधला पुऱ्यांचा प्रसंग तुम्हांलाही आठवत असेल. विद्या बालन यांनी साकारलेली तारा शिंदे ही शास्त्रज्ञ इंधन वाचवण्याची युक्ती स्वयंपाकघरातून उचलते. तेल एकदा चांगलं तापलं की गॅस बंद केला तरी पुढच्या पुऱ्या तळून निघतात. तसंच यानाचं इंजिनही सतत चालू ठेवायला नको. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हांला हा प्रसंग फार आवडला होता. स्वयंपाकघरात विज्ञान असतं हे आपण वर्गात वर्षानुवर्षं सांगतो, ते इथे मोठ्या पडद्यावर दिसलं.

या वेळी मात्र सिनेमा संपल्यावर आम्ही मुलांना विचारलं, “इंजिन बंद केल्यावर यान पुढे का जात राहतं?” सातवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “त्याच्यात आधीचा जोर शिल्लक असतो ना, तेलातल्या उष्णतेसारखा! तो संपला की थांबेल.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प झालो. तिचं उत्तर उपमेला धरून अगदी बरोबर होतं आणि भौतिकशास्त्राला धरून चूक!

गती टिकवायला सतत काहीतरी ढकलणारं लागतं, ही समजूत ॲरिस्टॉटलइतकी जुनी आहे. गॅलिलिओ आणि न्यूटन यांनी ती मोडून काढली, तरी प्रत्येक मुलाच्या मनात ती नव्याने उगवते. कारण सायकल, चेंडू, ढकलगाडी सगळं आपोआप थांबताना त्याला दिसतं. कढईतलं तेल थंड होतं, कारण त्याची उष्णता पुरीत आणि हवेत जाते. अवकाशात यानाचा वेग काढून घ्यायला हवा नाही, घर्षण नाही. सूर्याच्या ओढीमुळे वेग बदलत राहतो, पण ते बाहेरून लागलेलं बल आहे. ‘जोर संपणं’ नव्हे.

खरी मोहीम पाहिली तर हे अधिक स्पष्ट होतं. आपलं पीएसएलव्ही रॉकेट यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतकं ताकदवान नव्हतं. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ च्या उड्डाणानंतर यान काही आठवडे पृथ्वीभोवतीच लंबगोल कक्षेत फिरत राहिलं. ते पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि कक्षा वाढवायची. जवळ आल्यावरच का? तिथे यानाचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि वेगात असताना जाळलेलं तेवढंच इंधन त्याच्या ऊर्जेत जास्त भर घालतं. काटकसर खरी इथे होती. १ डिसेंबरला इंजिन सुमारे २२ मिनिटं चाललं आणि यान मंगळाकडे निघालं. पुढचे सुमारे ३०० दिवस, किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, ते तसंच जात राहिलं. मग २४ सप्टेंबर २०१४ ला इंजिन पुन्हा सुमारे २४ मिनिटं चालवलं. कशासाठी? मंगळाच्या सापेक्ष वेग कमी करण्यासाठी, म्हणजे ब्रेक लावण्यासाठी! आता त्या मुलीला विचारा, जोर संपत आला असता तर ब्रेक कशाला लागला असता?

‘ग्रॅव्हिटी’मध्ये हीच गाठ दुसऱ्या टोकाने सापडते. अवकाशात आवाज ऐकू येत नाही, हे या सिनेमाने छान सांभाळलं आहे. पण एका प्रसंगात दोघे अंतराळवीर दोराला अडकून थांबलेले दिसतात आणि तरी त्यातला एक जणू दरीत लोंबकळत असल्यासारखा बाहेर ओढला जातो. दोर सोडून तो स्वतःचा जीव देतो. आमच्या मुलांचे डोळे पाणावले. आमचेही. पण दोघे खरंच थांबले असतील, तर त्याला ओढणारं कोण? एक हलका हिसका देताच तो तिच्याकडे तरंगत आला असता. दोर अजून सैल होत होते, असा बचाव काही जण करतात. पाहणाऱ्याला मात्र तसं जाणवत नाही.

मग असे सिनेमे दाखवू नयेत का? अजिबात तसं नाही. आमच्या मते ‘मिशन मंगल’ मुलांना जरूर दाखवावा. साडीतल्या बाईला यान पाठवताना पाहणं ही लहान गोष्ट नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वर्गात कॅरम न्यावा. पावडर न टाकता स्ट्रायकर मारा, मग पावडर टाकून तितक्याच जोराने मारा. दुसऱ्या वेळी तो लांब गेला. जोर वाढला का? नाही, अडवणारं कमी झालं. अडवणारं काहीच नसेल तर? हा प्रश्न मुलांवर सोपवून थोडं थांबावं. आम्ही थांबलो, तेव्हा तीच मुलगी बऱ्याच वेळाने म्हणाली, “मग पुरीचं उदाहरण फसवं आहे.”

तुम्हीही एखादा सिनेमा मुलांबरोबर असा पाहिलात तर त्यांची उत्तरं आम्हांला जरूर कळवा. चुकलेली उत्तरं आधी पाठवा.