हवामान, हिमसंचय आणि दोषनिश्चिती : क्लिअर लेक विमान अपघाताच्या अहवालाची चिकित्सा

लहान विमानाच्या अपघाताची चौकशी करताना प्रत्यक्ष असलेले हवामान, वर्तविलेले हवामान आणि वैमानिकापर्यंत पोहोचलेले हवामान या तीन बाबी परस्परांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात क्लिअर लेकजवळ बीचक्राफ्ट बोनान्झा विमान कोसळून गायक बडी हॉली, रिची व्हॅलेन्स, जे. पी. रिचर्डसन आणि २१ वर्षांचा वैमानिक मृत्युमुखी पडले. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला अहवाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मेसन सिटी विमानतळावरील ढगांच्या तळाची उंची मध्यरात्रीपूर्वी ६,००० फूट नोंदली गेली होती. ती प्रथम ५,००० फुटांवर आणि रात्री १२.५५ च्या सुमारास झालेल्या उड्डाणाच्या वेळी ३,००० फुटांवर आली. हलका हिमवर्षावही सुरू झाला होता. ही घसरण वैमानिकाला ठाऊक होती. मात्र रात्री १२.१५ ला प्रसृत झालेली तातडीची सूचना त्याला सांगितली गेली नाही. गोठणाऱ्या रिमझिम पावसात मध्यम ते तीव्र आणि १०,००० फुटांखालील ढगांत काही ठिकाणी मध्यम हिमसंचय संभवतो, असा इशारा तीत होता आणि आयोवाचा बहुतांश भाग तिच्या कक्षेत येत होता.

म्हणून हिमसंचयानेच विमान पाडले, असे मानावे काय? पुरावा तसे सांगत नाही. विमान विमानतळापासून सुमारे ५ मैलांवरच कोसळले. जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी १६५ मैलांहून अधिक होता व इंजिन शक्ती देत होते. बर्फाच्या भाराने वेग मंदावून उद्धरण गमावलेल्या विमानाचे हे चित्र नव्हे. अंधार, हिमवर्षाव आणि क्षितिजाचा अभाव यांमुळे वैमानिकाला केवळ उपकरणांवर विसंबावे लागले आणि तेथेच नियंत्रण सुटले, हा बोर्डाचा तर्क अधिक सुसंगत ठरतो. २०१५ मध्ये फेरचौकशीची विनंतीही नाकारण्यात आली.

तथापि कारणांच्या क्रमवारीत अहवालाची मर्यादा दिसून येते. उपकरण-उड्डाणाची पात्रता नसताना निघण्याचा वैमानिकाचा अविचारी निर्णय हे बोर्डाने संभाव्य कारण मानले. हवामानविषयक माहिती देण्यातील गंभीर उणिवा आणि विमानाचा कल दाखविणाऱ्या उपकरणाविषयीची अनभिज्ञता यांना साहाय्यक स्थान दिले. खालावणारे ढग पाहता वैमानिकाला दोषमुक्त करता येत नाही, हे खरे. परंतु ज्याला पूर्ण इशारा मिळालाच नाही, त्याच्या निर्णयास अविचारी म्हणताना, इशारा मिळाला असता तर तो थांबला असता काय, या प्रश्नाला चौकशीच्या केंद्रस्थानी स्थान मिळावयास हवे होते.

सारांश, या अपघातात हिमसंचयाचे महत्त्व पंखांवर साचलेल्या बर्फात नसून न पोहोचलेल्या सूचनेत आहे. भौतिक कारण म्हणून तो गौण ठरला, तरी त्याविषयीची सूचना दडून राहिल्याने संस्थात्मक उत्तरदायित्व गौण ठरत नाही. पहिला निष्कर्ष पुराव्याने सिद्ध होतो. दुसऱ्याला मात्र अहवालाने पुरेसे वजन दिले नाही.