कल्याणग्राम की स्थानबद्धता? मेनिक फार्म आणि मानवतावादी कायद्यातील एक उणीव

मे २००९ मध्ये लिट्टेचा पराभव होऊन श्रीलंकेतील यादवी युद्ध संपले. युद्धाच्या अखेरच्या पर्वात वन्नी प्रदेशातून बाहेर पडलेल्या सुमारे २,८०,००० तमिळ नागरिकांना शासनाने छावण्यांत ठेवले. त्यांपैकी बहुसंख्य वावुनियाजवळील मेनिक फार्म येथे होते. शासकीय परिभाषेत ही ‘कल्याणग्रामे’ होती. त्यांच्या विभागांना रामनाथन, अरुणाचलम, आनंद कुमारस्वामी अशी थोर तमिळ व्यक्तींची नावे देण्यात आली. भारतीय कलेच्या थोर मीमांसकाचे नाव काटेरी कुंपणाआडच्या वस्तीस मिळावे, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. डिसेंबर २००९ पर्यंत बहुतेक रहिवाशांना स्वेच्छेने बाहेर पडण्याची मुभा नव्हती.

शासनाचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नव्हता. नागरिकांत लिट्टेचे सैनिक मिसळले होते आणि गावांच्या परिसरात भूसुरुंग पेरलेले होते. याच नागरिकांना लिट्टेने ढालीप्रमाणे वापरले होते, हेही विसरता येत नाही. तथापि अकरा हजारांहून अधिक संशयितांना वेगळे काढून अन्यत्र ठेवल्यानंतर, उरलेल्या वृद्धांना व बालकांना कोणत्या आधारावर रोखून धरले, याचे उत्तर त्या युक्तिवादात सापडत नाही. सुरक्षेचे कारण व्यक्तीपरत्वे सिद्ध व्हावे लागते. संपूर्ण लोकसमूहास ते लावणे म्हणजे सामूहिक संशयालाच प्रशासनाचे रूप देणे होय.

येथे कायद्याची उणीव उघडी पडते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील कलम ४२ व ४३ नुसार शत्रुराष्ट्राच्या नागरिकास स्थानबद्ध करायचे झाल्यास सुरक्षेची निकड दाखवावी लागते आणि त्या निर्णयाचे वर्षातून किमान दोनदा पुनर्विलोकन करावे लागते. हे नियम मात्र आंतरराष्ट्रीय युद्धापुरते आहेत. अंतर्गत संघर्षास लागू होणारे समाईक कलम ३ माणुसकीच्या वागणुकीची हमी देते. स्थानबद्धतेची कारणे व तिचे पुनर्विलोकन यांविषयी ते मौन पाळते. १९७७ चा दुसरा पूरक मसुदा श्रीलंकेने स्वीकारलेला नाही (भारतानेही नाही). परिणामी परक्यास जे संरक्षण मिळते, ते स्वदेशातील नागरिकास मिळत नाही.

ही पोकळी भरण्याचा यत्न १९९८ च्या अंतर्गत विस्थापनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी केला. बारावे तत्त्व विस्थापितांना छावणीत कोंडण्यास मनाई करते. अपवादात्मक परिस्थितीत ते अपरिहार्य ठरल्यास आवश्यकतेपलीकडे लांबवू नये, असे सांगते. ही आवश्यकता कोणी ठरवायची? त्यासंबंधी ते तत्त्व स्वतंत्र मंडळ नेमत नाही, की कालमर्यादा घालत नाही. शिवाय ही तत्त्वे स्वतः बंधनकारक नाहीत. बंधनकारक होता तो नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, जो श्रीलंकेने १९८० मध्येच स्वीकारला होता. त्याचे कलम ९ स्थानबद्ध व्यक्तीस न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देते. पण ज्याला ‘स्थानबद्ध’ म्हटलेच जात नाही, त्याने कोणत्या आदेशास आव्हान द्यावे? ‘कल्याणग्राम’ या शब्दाचे खरे सामर्थ्य येथे होते.

आंतरराष्ट्रीय समुदायानेही तो शब्द फारसा तपासला नाही. २७ मे २००९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २९ विरुद्ध १२ मतांनी संमत केलेल्या ठरावात विस्थापितांच्या तातडीच्या गरजा भागविण्याच्या शासकीय उपायांची प्रशंसा आहे. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. पाणी, शिधा, तंबू यांची मोजदाद झाली. प्रवेशद्वार कोणाच्या आज्ञेने बंद होते, हा प्रश्न गौण राहिला.

मेनिक फार्म सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाले. शेवटच्या तुकडीतील केप्पापिलवूच्या कुटुंबांना स्वतःच्या गावी जाता आले नाही. त्यांच्या जमिनी लष्कराच्या ताब्यात असल्याने त्यांना अन्यत्र नेऊन वसविण्यात आले.