वर्तुळाच्या मध्यभागी कोण?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सरकारी वकील म्हणून काम केलेल्या रूपर्ट रॉस यांचा ‘रिटर्निंग टू द टीचिंग्ज’ हा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. मूलनिवासी समाजांची न्यायदृष्टी हा त्याचा विषय होय. ग्रंथ कायद्याच्या अभ्यासकाने लिहिलेला असला, तरी त्यातील प्रश्न पाळक व धर्मशिक्षक यांच्या दाराशी येऊन उभा राहणारा आहे. ज्या समाजात अपराधी आणि पीडित दोघेही आपलेच असतात, तेथे सत्य, न्याय आणि क्षमा यांचा मेळ कसा घालावा? याच प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही येथे ग्रंथाचा परामर्श घेत आहोत.

ग्रंथाचा प्राण हॉलो वॉटरच्या हकिकतीत आहे. मॅनिटोबा प्रांतात विनिपेग सरोवराच्या पूर्व किनाऱ्याकडे असलेली ही ओजिब्वे लोकांची लहानशी वसाहत. १९८४ च्या सुमारास तेथील काही कार्यकर्ते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, दारूचे व्यसन व तरुणांची दुर्दशा यांवर विचार करण्यासाठी एकत्र आले. शोध घेता घेता त्यांच्या ध्यानात आले की, या सर्वांच्या बुडाशी पिढ्यान्‌पिढ्या दडपलेले लैंगिक अत्याचाराचे दुःख आहे. गावातील सुमारे तीन चतुर्थांश लोक कधी ना कधी त्याला बळी पडले असावेत, असा त्यांचाच अंदाज होता. त्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी स्वतः ते सोसले होते. त्यांनी प्रथम आपापसांत मौन सोडले आणि मगच गावाला बोलते केले.

यातून तेरा पायऱ्यांची एक पद्धती सिद्ध झाली. अत्याचार उघडकीस येताच पहिले काम मुलाच्या संरक्षणाचे. त्यानंतर अपराध्याला जाब विचारणे. पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो, अपराध्याने न्यायालयात तो कबूल करावयाचा असतो, आणि शिक्षा सुनावण्यापूर्वी काही महिन्यांचा अवधी मागून घेतला जातो. या अवधीत पीडित, अपराधी व दोहोंची कुटुंबे यांना स्वतंत्र आधार मिळतो. पुढे न्यायाधीशासह गाव वर्तुळ करून बसते. १९९३ च्या अखेरीस असे पहिले वर्तुळ भरले. त्यात बोलण्याच्या चार फेऱ्या असतात: आपण का आलो हे सांगणारी पहिली, पीडितेशी बोलण्याची दुसरी, त्या कृत्याने काय उद्ध्वस्त झाले हे अपराध्याला ऐकवणारी तिसरी, आणि त्याने पुढे काय करावे हे ठरवणारी चौथी. तुरुंगात अपराधी आपल्या नाकबुलीच्या आड सुखाने लपून राहतो. गावासमोर उभे राहणे हीच खरी अवघड शिक्षा, असे हॉलो वॉटरच्या लोकांचे म्हणणे आहे.

रॉस यांचे सामर्थ्य असे की, ते या पद्धतीस दयाळूपणाचा उमाळा समजत नाहीत. मूलनिवासी भाषा क्रियापदांनी समृद्ध आहेत, त्या माणसावर कायमचा शिक्का मारण्याऐवजी त्याच्या वर्तनाविषयी व नात्यांविषयी बोलतात, हे त्यांचे विवेचन मनन करण्याजोगे आहे. ‘अपराधी’ हे नाव माणसाला तेथेच खिळून टाकते. ‘त्याने असे केले’ हे वाक्य मात्र त्याच्याकडून उत्तर मागते आणि बदलाची वाटही मोकळी ठेवते. पश्चात्ताप म्हणजे परत फिरणे हे शिकलेल्या वाचकाला यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

परंतु ग्रंथाची उणीवही याच ठिकाणी आहे. रॉस यांची नजर बहुतेक वेळ अपराध्याच्या परिवर्तनावर खिळलेली राहते. या पद्धतीच्या यशाचा जो पुरावा वारंवार दिला जातो, तोही त्याच्याच बाजूचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार या प्रक्रियेतून गेलेल्या १०७ अपराध्यांपैकी केवळ दोघांनी पुन्हा अपराध केला. हा आकडा लहान नव्हे. त्यामुळे कित्येक मुले वाचली असतील. तथापि ज्या मुलीवर अत्याचार झाला, ती त्याच गावात निर्भयपणे झोपू शकते काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. क्री-मेटी समाजातील विदुषी एम्मा लारॉक यांनी १९९७ साली नेमके हेच आक्षेप घेतले. परंपरेच्या नावाने पुढे येणारे सारेच परंपरेतील आहे काय, आणि सामंजस्याच्या आग्रहात पीडितेवर दडपण येत नाही काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. रॉस यांच्या ग्रंथात त्यांना पुरेसे उत्तर मिळत नाही, असे आमचे मत आहे.

या हकिकतीत ख्रिस्ती मंडळी त्रयस्थ नाही, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. कॅनडातील मूलनिवासींची दीड लाखांहून अधिक मुले आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांपैकी बहुतेक शाळा चर्चसंस्थांनी चालविल्या. तेथील अत्याचारांबद्दल अँग्लिकन चर्चने १९९३ मध्ये, युनायटेड चर्चने १९९८ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये क्षमा मागितली. मूलनिवासी समाजांना या जखमा ज्यांच्याकडून झाल्या त्यांत आपलेही धर्मबंधू होते. म्हणून त्यांच्या उपायांकडे आपण शिकवणाऱ्याच्या नव्हे, तर शिकणाऱ्याच्या भूमिकेतून पाहावे.

मात्र शिकताना सावधगिरी हवी. समाजाने मिळून न्याय करणे हे आपल्याकडे नवीन नाही. जातपंचायतींच्या निवाड्यांनी किती जीव पोळले, हे ध्यानी घेऊनच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. वर्तुळ हे स्वभावतःच पवित्र नसते. हॉलो वॉटरचे वर्तुळ कायद्यापासून तोंड लपवीत नाही, आणि त्याचा मोठेपणा यात आहे. आपल्या देशातही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक केले आहे. अशा प्रसंगी ‘मंडळीची अब्रू’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हे सामंजस्य नव्हे, ते अपराधात वाटेकरी होणे आहे.

अपराधी बंधूकडे प्रथम एकांतात जावे, मग साक्षीदार न्यावे, मग मंडळीला सांगावे, ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील रीत आपण पुष्कळदा उद्धृत करतो आणि पुष्कळदा तिचा उपयोग गोष्ट झाकण्यासाठी होतो. पण त्याच अध्यायाचा आरंभ कसा आहे? शिष्य मोठेपणाविषयी विचारतात, तेव्हा प्रभू एका बालकाला बोलावून त्यांच्या मध्ये उभे करतो आणि लहानांना अडखळविणाऱ्यास अत्यंत कठोर इशारा देतो. बंधूला परत मिळविण्याची रीत त्यानंतर येते आणि सत्तर वेळा सातदा क्षमा करण्याची शिकवण सर्वांत शेवटी. हा क्रम आम्हांस आकस्मिक वाटत नाही. हॉलो वॉटरच्या वर्तुळातही पीडितेशी बोलण्याची फेरी अपराध्याशी बोलण्याच्या आधी येते, हे रॉस यांनी अधिक ठसवायला हवे होते.

इंग्रजी वाचणाऱ्या पाळकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. परंतु लारॉक यांचे आक्षेप शेजारी ठेवून वाचावा. आणि आपल्या मंडळीत असा प्रसंग उद्भवलाच, तर सभेत प्रार्थनेला आरंभ करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपण जे वर्तुळ करून बसलो आहोत, त्याच्या मध्यभागी आपण कोणाला उभे केले आहे?