जुनी जहाजे आणि वजाबाकीचा नियम

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्यापैकी अनेकांचे मत असते. ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ त्याला अपवाद ठरावा. सिमटेक्सने तयार केलेला आणि मायक्रोप्रोजने १९९३ साली प्रकाशित केलेला हा अंतराळातील डावपेचांचा खेळ आहे. ग्रहांवर वसाहती करायच्या, संशोधन करायचे, युद्धनौकांचे आराखडे स्वतः आखायचे आणि प्रतिस्पर्ध्यांशी झुंजायचे, असे त्याचे स्वरूप. त्यातील एकच प्रश्न येथे तपासू: दणकट, पण कालबाह्य झालेल्या जहाजांचे काय करावे?

खेळातील साधा लेसर एका फटक्यात १ ते ४ एकक हानी करतो. शत्रूचे संरक्षक कवच ज्या श्रेणीचे असेल, तेवढे एकक प्रत्येक फटक्यातून वजा होतात. म्हणजे चौथ्या श्रेणीच्या कवचापुढे लेसर निष्प्रभ. जहाजे दहा असोत की हजार, शून्यांची बेरीज शून्यच! प्रकाशविद्युत परिणाम शिकवताना आपण हेच सांगतो. ठरावीक वारंवारतेहून कमी वारंवारतेचा प्रकाश कितीही प्रखर केला, तरी धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. उंबरठ्याची ही कल्पना खेळात फार चांगली उतरली आहे.

तरीही जुने जहाज टाकाऊ ठरत नाही. ओसाड ग्रहापाशी असे एक सशस्त्र जहाज पहाऱ्याला ठेवले, की शत्रूच्या निःशस्त्र जहाजाला तेथे वसाहत करता येत नाही. मात्र पहारा फुकट नाही. जहाजांच्या देखभालीचा खर्च असतोच, शिवाय एका वेळी सहाच आराखडे बाळगता येतात. सातवा हवा असेल तर जुना एक रद्द करावा लागतो आणि त्या आराखड्याची सर्व जहाजे मोडीत निघतात. कशासाठी काय सोडायचे, हा खरा डाव येथे आहे.

खेळाची उणीव वेगळीच आहे. त्यातील जहाज मागे पडते, पण झिजत नाही. शंभर वर्षांनंतरही त्याचा सांगाडा कोरा करकरीत! १९९६ च्या दुसऱ्या भागात जुन्या जहाजांवर नवी सामग्री बसवण्याची सोय झाली, धातूचा थकवा मात्र तेथेही नाही. आपली ‘विक्रांत’ आठवा. १९४५ साली जलावतरण झालेली ही विमानवाहू नौका १९६१ मध्ये भारतीय नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बाष्पित्राला तडे गेले होते, वेगावर मर्यादा होती. तरी बंगालच्या उपसागरात तिला योग्य जागी ठेवल्यामुळे तिच्यावरील सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे यशस्वी हल्ले केले. जुन्या साधनाची मर्यादा ओळखून त्याला काम नेमणे म्हणजे काय, हे खेळापेक्षा हा इतिहास अधिक नेमके शिकवतो.

वर्गात संगणक नसला तरी चालेल. १ ते ४ आकड्यांच्या चार चिठ्ठ्या करा. प्रत्येक वेळी एक उचलून आकडा लिहा व चिठ्ठी परत टाका. कवच नसताना सरासरी २.५ येईल. प्रत्येक आकड्यातून २ वजा करा, उत्तर ऋण आले तर शून्य धरा; सरासरी ०.७५ वर येईल. ३ वजा केल्यास ०.२५, आणि ४ वजा केल्यास शून्य. कवच एकेका पायरीने वाढते, पण शस्त्राची उपयुक्तता किती झपाट्याने घसरते, हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील.