प्रेमकथेतला कडक शब्द : मेलर्सची बोली आणि आपले तीन ठिपके

आज शिव्यांबद्दल बोलायचं आहे. त्यामुळे पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी घाबरू नये (हशा). तत्त्वज्ञानात शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख असा एक साधा भेद करतात. मी फक्त उल्लेख करणार आहे, तोही जमेल तितका आडून. प्रश्न मात्र सरळ विचारतो. प्रेमाच्या गोष्टीत उग्र, बाजारू, शरीराचं थेट नाव घेणारा शब्द आला, तर तो तिथे काय करतो? वाचकाला धक्का बसतो हे उत्तर पुरेसं नाही. धक्का दुसऱ्या वाचनाला उरत नाही. काही शब्द मात्र उरतात.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात ‘अश्लील’ हा दोष सांगितला आणि त्याचे तीन प्रकार केले : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ वाटणारं. ‘ग्राम्य’ हा दोष त्याने वेगळा ठेवला. इथवर आपल्याला शाळामास्तर वाटतो. पण पुढे तोच म्हणतो की काही ठिकाणी हा दोष गुण होतो, आणि उदाहरण कुठलं देतो? प्रणयाच्या आरंभीच्या गप्पांचं! म्हणजे दोन माणसं एकांतात बोलत असतील तर शब्दाचा हिशोब बदलतो, हे त्याला ठाऊक होतं. अर्थात त्याच्या मनात द्व्यर्थी, सूचक बोलणं आहे. उघडं नव्हे.

उघड्या बोलण्याचा मोठा प्रयोग ज्याने केला त्याच्याकडे येऊ. डी. एच. लॉरेन्स. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये खासगीरीत्या छापली गेली. दोन वर्षांत लॉरेन्स गेला. इंग्लंडमध्ये संपूर्ण पुस्तक विकायला १९६० उजाडावं लागलं, आणि तेही पेंग्विनवर खटला होऊन. सरकारी वकील मर्विन ग्रिफिथ-जोन्स यांनी ज्युरीपुढे शब्दांची मोजदादच मांडली : हा शब्द तीस वेळा, तो चौदा वेळा, असं. किराणा दुकानातली उधारीची वही वाचावी तसं. बायकोने किंवा नोकराने हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का, असंही त्यांनी विचारलं. ज्युरीत तीन स्त्रिया बसल्या होत्या, हे बहुधा त्यांच्या लक्षात नसावं (हशा). २ नोव्हेंबर १९६० रोजी पेंग्विन सुटलं.

त्या खटल्यातली माझ्या मते सर्वांत चांगली साक्ष रिचर्ड हॉगर्ट यांची. कामगार वस्तीत वाढलेला हा समीक्षक. ते म्हणाले, पहिल्यांदा वाचताना थोडा धक्का बसतो, पण पुढे वाचत गेलं की तो जातो, आणि वापरता वापरता ते शब्द शुद्ध होत जातात. बघा, हे म्हणणं मोजदादीच्या नेमकं उलट आहे. वकिलाला तिसावा शब्द पहिल्यापेक्षा तीसपट वाईट वाटतो. हॉगर्टना तिसाव्या वेळी तो स्वच्छ झालेला असतो.

यातलं खरं किती? माझं मत, निम्मं.

निम्मं खरं कसं, ते पाहा. मेलर्स हा रखवालदार. पण तो अडाणी नाही. सैन्यात अधिकारी होता, हिंदुस्थानात राहून आलेला. मनात आणलं तर साहेबासारखं इंग्रजी बोलतो. कॉनीशी जवळीक येते तेव्हा मात्र तो डर्बीशरच्या बोलीत शिरतो, आणि ते शब्द त्या बोलीबरोबर येतात. कॉनीला त्यातल्या एका शब्दाचा अर्थच माहीत नाही. ती विचारते, तो समजावतो. ती बोलीची नक्कल करायला जाते, तिला जमत नाही, दोघं हसतात. इथे शब्द शिवी राहिलेलाच नाही. तो एका घराची भाषा झाला आहे, आणि ते घर दोन माणसांचं आहे. लॉरेन्सने या कादंबरीसाठी ‘टेंडरनेस’, म्हणजे कोमलता, असं नाव मनात धरलं होतं. ते या प्रसंगांना शोभतं.

आणि इथे मराठी वाचक इंग्रज वाचकापेक्षा नशीबवान आहे. मेलर्सच्या बोलीत कॉनीसाठी ‘तू’ आहे. प्रमाण इंग्रजीत तो केव्हाच मेला. आजच्या इंग्रज वाचकाला ते सर्वनाम देवळातलं किंवा खेड्यातलं वाटतं. आपल्याला ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. आपल्या आज्यांच्या पिढीत नवऱ्याला ‘अरे’ म्हणणं हा कुठल्याही शिवीपेक्षा कडक शब्द होता.

आता उरलेलं निम्मं. पुढे मेलर्स आपल्या पहिल्या बायकोबद्दल, बर्था कूट्सबद्दल, कॉनीला सांगतो. शब्द तेच. पण आता ते विषारी आहेत. त्या बाईच्या शरीराची नावं तो शिव्यांसारखी फेकतो. मग हॉगर्टचं शुद्धीकरण कुठे गेलं? शब्द शुद्ध झाला असेल तर तो पुन्हा इतक्या सहज घाण कसा होतो? लॉरेन्सला हे दिसलंच नाही असं मला वाटतं. तो मेलर्सच्या बाजूने इतका झुकलाय की बर्थाला एक वाक्य तिच्या बाजूने बोलू देत नाही. शब्दाचा दोष नाही इथे. बोलणाऱ्याला उलट उत्तर देणारं कोणी नाही, हा दोष. कॉनीला ते शब्द गोड वाटतात कारण ती हसू शकते, चुकू शकते, परत विचारू शकते. बर्थाच्या वाट्याला फक्त शब्द आलेत.

ही कसोटी मी पुष्कळ ठिकाणी लावून पाहतो. उग्र शब्द दोघांनाही वापरता येतो का? की एक देतो आणि दुसरा घेतो?

मुंबईकडे येऊ. हेच पुस्तक विकल्याबद्दल इथल्या पुस्तकविक्रेत्याला शिक्षा झाली आणि १९६४ साली, रणजित उदेशी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे लंडन सुटलं, मुंबई अडकली. पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, चंद्रकांत काकोडकर सुटले. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेबद्दल उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला होता. पंचवीस रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा मराठी लेखक मला आदरणीय वाटतो, कथा कशी का असेना.

पण कायदा हा आपला खरा अडथळा आहे, असं मी मानत नाही. अडथळा शब्दकोशात आहे. मराठीत शरीराला आणि संगाला नावं दोनच ठिकाणची : एक संस्कृतातून आलेली, डॉक्टरच्या तक्त्यावरची. दुसरी नाक्यावरची, आणि ती जवळजवळ सगळी कुणाची तरी आई-बहीण काढायला वापरलेली. मधली खोली रिकामी. प्रेम करणारी दोन मराठी माणसं त्या खोलीत उभी राहतात आणि मुकी होतात. मग लेखक काय करतो? ना. सी. फडक्यांच्या नायिका इतक्या नीटनेटकं बोलतात की त्यांच्या केसातला गजराही हलत नाही. फडके गुणी कारागीर, त्यांना हे जमतं. त्यांच्या मागून आलेल्यांनी तीन ठिपके वापरले. आणि आज मोबाइलवर क्रमशः वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथांत नायक चिडला की इंग्रजीत शिवी देतो, प्रेमात आला की पुन्हा इंग्रजीतच बोलतो. मराठी फक्त ‘ती लाजली’ एवढ्यापुरती. त्या कथांतही शिवी नायकाचीच मक्तेदारी, बरं का. नायिका फार तर ‘मूर्ख’ म्हणते.

गंमत अशी की बोलीभाषा इतकी गरीब नाही. ‘मेल्या’ हा शब्द घ्या. अर्थ पाहिला तर भयंकर, मरणाचा शाप. मम्मटाच्या तिसऱ्या प्रकारात, अमंगळात, थेट बसेल. पण कोकणातली बाई ज्या सुरात तो म्हणते, त्यात राग, लाड आणि हक्क एकत्र असतो. ‘मुडद्या’ तसाच. मालवणीत तर याहून कडक संबोधनं मित्रांमध्ये आणि नवराबायकोत वाऱ्यासारखी फिरतात आणि कुणी दचकत नाही. हे शब्द हॉगर्ट म्हणतात तसे वापरून वापरून स्वच्छ झालेत, आणि मुख्य म्हणजे ते बाईच्या तोंडचे आहेत.

म्हणून मेलर्सला मराठीत आणायचं कुणी मनावर घेतलं तर माझी एक विनंती राहील. नाक्यावरच्या शिव्या त्याच्या तोंडी घालू नका. त्या अंगावर धावून येतील, कॉनीला हसायला जागा उरणार नाही. त्याला मालवणी द्या, किंवा वऱ्हाडी. कॉनीला पुणेरी ठेवा आणि तिला ती बोली चुकीची बोलू द्या. आणि तिची बहीण हिल्डा येते, त्याच्या बोलण्यावर नाक मुरडते आणि हे असं यॉर्कशरचं का बोलता म्हणून विचारते, त्यावर तो ‘हे यॉर्कशरचं नाही, डर्बीचं आहे’ असं सुनावतो, तो प्रसंग तर कधी गाळू नका. तिथे एकही घाणेरडा शब्द नाही, आणि तरी सगळ्या पुस्तकात त्याहून कडक बोलणं मला सापडलेलं नाही. त्या जागी मराठी मेलर्सने तिला अगदी सावकाश ‘अहो बाई’ म्हणावं.