शिलाहारांचा मूळपुरुष जीमूतवाहन आणि वंशावळीचा आरंभ

करवीर प्रांतांतील जुनीं स्थलवृत्तें व हस्तलिखित याद्या चाळणाऱ्या वाचकांस शिलाहारांची वंशावळ जीमूतवाहनापासून आरंभिलेली वारंवार आढळते. ताम्रपटांतच त्याचें नांव आहे, तेव्हां तो इतिहासच होय, असें याचें समर्थन करण्यांत येतें. ताम्रपट अस्सल खरा; परंतु तो कोणत्या गोष्टीचा पुरावा आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे. कोल्हापूर शाखेचा उपलब्ध जुना लेख म्हणजे मारसिंहाचा मिरज येथील ताम्रपट, तो शके ९८० (इ. स. १०५८) चा आहे. त्या वर्षीं मारसिंह राज्य करीत होता व त्यानें दान दिलें, हें निर्विवाद. त्याच्या कुळाच्या आरंभाविषयीं मात्र असले लेख जें सांगतात, तें अकराव्या व बाराव्या शतकांतील राजसभेची समजूत होय.

जीमूतवाहन हा विद्याधर. शंखचूड नागाचा प्राण वाचविण्यासाठीं त्यानें वध्यशिलेवर बसून आपला देह गरुडास दिला, ही कथा बृहत्कथेच्या परंपरेंत प्रसिद्ध आहे. सातव्या शतकांतील हर्षाचें ‘नागानंद’ नाटक तिच्यावरच रचिलेलें आहे. त्या नाटकांत शिलाहार कुळाचा मागमूसही नाहीं. ‘शिलेवरील आहार तो शिलाहार’ ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड आहे. पण लेखांत याच कुळाचें नांव सिलार, सिलाहार, शैलाहार अशा नाना रूपांनीं येतें. नांव आधींचें आणि कथा त्यास मागून चिकटलेली, असेंच यावरून दिसतें. ध्वजावरील सुवर्णगरुडासही याच कथेचा आधार मिळाला. ठाणें, दक्षिण कोंकण व कोल्हापूर या तिन्ही शाखा जीमूतवाहनास मूळपुरुष मानितात, म्हणून साक्षी तीन, असें कोणी म्हणेल. परंतु पोथ्यांचा संग्रह करणारांस हें सांगणें नको कीं, एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या तीन प्रति मिळून साक्ष एकच होते.

‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदाची गोष्ट निराळी आहे. अशा बिरुदावर सरसकट विश्वास टाकितां येत नाहीं. देवगिरीचे यादव आपणांस द्वारावतीचे अधीश्वर म्हणवीत. परंतु द्वारावती म्हटली कीं श्रीकृष्णाचा संबंध जोडला जाऊन कुळास थोरवी येते. तगर हें जुन्या व्यापाराचें नगर. पेरिप्लसकारानें तें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें आहे. पुराणांत त्याचा असा महिमा नाहीं, कीं परक्या कुळानें तें नांव उसनें घ्यावें. भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर सुचविलें, भांडारकरांनीं धारूर. शेवटीं फ्लीट यांनीं १९०१ सालीं तगर म्हणजे तेर, असें दाखविलें व तेंच आज मान्य आहे. कोल्हापुरास राज्य करणाऱ्या राजांनीं आपल्या ताब्यांत नसलेल्या तेरचें नांव पिढ्यान्‌पिढ्या मिरवावें, यांत मूळ स्थानाची खरी आठवण आहे, असें आम्ही समजतों.

असाच प्रकार उत्तर युरोपांतील स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन राजांचा आहे. तेराव्या शतकांत स्नोरी स्टुर्लुसन यानें तेथील राजवंश ओडिन, न्यॉर्ड, फ्रेय या देवांपासून आरंभिला आहे. म्हणून पुढील सर्वच नांवें कल्पित ठरवावीं काय? ‘बेओवुल्फ’ या इंग्रजी काव्यांत राक्षस आहेत, अग्नि ओकणारा सर्प आहे आणि हिगेलाक नांवाचा राजाही आहे. त्याच हिगेलाकाची स्वारी व तींत झालेला त्याचा वध तूरच्या ग्रेगरीनें सहाव्या शतकांतच लिहून ठेविला आहे. त्या ग्रंथकारास या काव्याची गंधवार्ताही नव्हती. एवढ्या एका स्वतंत्र उल्लेखामुळें हिगेलाक इतिहासांत आला. सर्प कथेंतच राहिला.

आमच्या शाखेंत जतिग, नायिम्म, चंद्र, दुसरा जतिग व गोंक, आणि गोंकाचा पुत्र मारसिंह, अशी परंपरा ताम्रपटांवरून जमते. पहिल्या नांवांस बाहेरचा साक्षीदार नाहीं. बिल्हणानें विक्रमांकदेवचरितांत कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचें स्वयंवर वर्णिलें आहे, पण तें मारसिंहाच्या काळानजीकचें. (चालुक्यांस ब्रह्मदेवाच्या चुळक्यांतून जन्मास घालणारा कवि हाच, राजकुळांचे दिव्य आरंभ घडविण्याची त्या काळीं केवढी आवड होती, हें ध्यानांत घ्यावें.) तरीही पहिलीं नांवें आम्हांस खरीं वाटतात, आणि त्याचें कारण त्यांचें रूप. विद्याधरकुळास साजेसे राजे ज्यास कल्पावयाचे आहेत, तो नायिम्म किंवा जतिग अशीं ओबडधोबड देशी नांवें कशास योजील? जीमूतवाहनाच्या लखलखीत संस्कृत नांवाशेजारीं तीं ठेवून पाहावीं, म्हणजे सांधा कोठें आहे तें कळतें. दक्षिण कोंकणच्या शाखेंत रट्टराजाच्या शके ९३० च्या खारेपाटण ताम्रपटांतील सणफुल्ल व धम्मियर हीं नांवें याच मासल्याचीं आहेत.

कालगणनाही याशीं जुळते. मारसिंह हा जतिगापासून सहावा पुरुष. दर पिढीस पंचवीस वर्षें धरिलीं तर जतिग इ. स. ९३० ते ९४० च्या सुमारास येतो, म्हणजे तैलपानें इ. स. ९७३ त राष्ट्रकूटांची सत्ता मोडिली त्याच्या पूर्वीं. राष्ट्रकूटांचा एखादा मांडलिक वा अधिकारी या प्रांतीं स्थिरावला, ही घटना त्या काळास शोभते. तो राजा होता कीं केवळ अधिकारी, हें मात्र वंशजांच्या प्रशस्तीवरून ठरवूं नये; त्यास त्याचा स्वतःचा लेखच पाहिजे. वंशावळ छापतांना पहिला अंक जतिगास द्यावा, आणि जीमूतवाहनाचें नांव गरुडध्वज व तगराच्या बिरुदाबरोबर प्रशस्तीच्या भागांत घालावें.