एक संहिता, दोन उच्चार

ट्रेंट रेझ्नर यांचे ‘हर्ट’ हे गीत १९९४ साली ‘नाइन इंच नेल्स’च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या संग्रहात आले. २००२ साली जॉनी कॅश यांनी ते पुन्हा गायिले. कॅश यांच्या गायनाने मूळ गीत निष्प्रभ ठरले, असे सर्रास म्हटले जाते. हा निवाडा तपासून घ्यायला हवा.

मूळ संग्रहातील हे चौदावे आणि अखेरचे गीत. आत्मनाशाचा सारा क्रम उलगडून झाल्यावर ते येते. त्यामुळे त्यातील ‘मी’ हे त्या क्रमातून घडलेले पात्र आहे. गिटारची विसंवादी सुरावट त्याला स्थिरावू देत नाही आणि शब्द संपल्यावरही कर्कश नाद रेंगाळतो.

कॅश हा संदर्भ तोडतात. विसंवादाच्या जागी साधी गिटार येते. पियानोचा एकच स्वर पुनःपुन्हा आघात करीत चढत जातो. एक अश्लील शब्द वगळून ते ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची प्रतिमा आणतात आणि आत्मघृणेचे गीत कबुलीजबाबाच्या परंपरेत जाऊन बसते. सत्तरी गाठलेला थकला आवाज आणि मार्क रोमानेक यांनी केलेले चित्रण यांमुळे ‘मी’ म्हणजे साक्षात कॅश, असे श्रोता गृहीत धरतो.

या पुनर्गायनाचे सामर्थ्य येथेच आहे, आणि मर्यादाही. चरित्राने दिलेले वजन आपण संहितेचेच मानतो. २००३ साली कॅश यांचे निधन झाल्यावर तर हे गीत मृत्युलेखासारखे ऐकले जाऊ लागले. कॅश यांच्या ‘मी’पाशी मागे वळून पाहण्यास एक सरलेले आयुष्य आहे. रेझ्नर यांच्या ‘मी’ला मात्र अद्याप जगायचे आहे, ते अधिक भयावह आहे.